विखुरलेल्या चित्ताची ओळख

मनुष्याला आपल्या घराची, शेताची किंवा कचेरीतल्या टेबलाची जेवढी माहिती असते, तेवढी आपल्या मनाची नसते. आणि विशेष असे, की आपल्याला जर कशाची पुरी माहिती असेल तर ती आपल्या मनाचीच, अशी त्याची पक्की खात्री असते. ही खात्री किती पोकळ आहे हे कळण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. पाच मिनिटे स्वस्थ बसावे, डोळे मिटावे आणि नाकपुडीशी येणारा व जाणारा श्वास तेवढा पाहावा. तो लांब करावयाचा नाही, रोखावयाचा नाही, मोजावयाचाही नाही; केवळ पाहावयाचा. काम इतके साधे, की लहान मुलालाही सांगता यावे. परंतु चौथा किंवा पाचवा श्वास येईपर्यंत पाहणारा तेथे शिल्लक राहात नाही. तो उद्याच्या गाडीच्या आरक्षणात असतो, परवाच्या भांडणात असतो, मुलीच्या परीक्षेत असतो, किंवा कोणी कधी केलेल्या अपमानाला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आता जुळवीत असतो. पुष्कळ वेळाने तो दचकतो आणि श्वास पाहावयाचा होता हे त्याला आठवते.

अशा वेळी बहुतेकांची समजूत होते, की ध्यानाला बसल्यामुळे मन अधिक चंचल झाले. वस्तुस्थिती तशी नसते. खोलीच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप आत आली म्हणजे तीत धुळीचे असंख्य कण नाचताना दिसतात. ते कण उन्हाने आणलेले नसतात. ते आधीपासून तेथेच होते, उन्हाने फक्त दाखविले. जपमाळ ओढताना बोटे पुढे सरकतात आणि मन बाजारात असते. कारकून आकड्यांची बेरीज तिसऱ्यांदा करतो, कारण पहिल्या दोन वेळी हात आकड्यांवर असला तरी मन तेथे नव्हते. गृहिणी चुलीपुढे उभी असतानाच दूध उतू जाते. या सर्व प्रसंगी मन भटकतच होते. श्वास पाहावयास बसलेल्या माणसाला फक्त ते भटकणे दिसू लागले, एवढाच फरक. आणि हा फरक लहान नव्हे. आपले मन आपल्यापाशी नसते हे प्रथम ध्यानात येणे, ही पराभवाची खूण नसून अभ्यासाची सुरुवात होय.

मनाच्या चंचलतेची ही जाणीव भारताला नवी नाही. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनाने नेमकी हीच तक्रार केली आहे. मनाला आवरणे हे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण वाटते, असे तो म्हणतो; आणि श्रीकृष्ण ती अडचण नाकारीत नाहीत, तर अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. समर्थ रामदासांनी मनालाच समोर बसवून दोनशे पाच श्लोक लिहिले. खानदेशातील बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. पण मनाचे वर्णन करताना त्यांना उभ्या पिकात शिरणारे ओढाळ गुरू आठवले, आणि शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या कोणालाही त्याहून अधिक नेमकी उपमा सुचणार नाही. मन ओढाळ आहे, याविषयी राजपुत्र, संन्यासी आणि शेतकरीण या तिघांचे एकमत आहे. प्रश्न उरतो तो असा, की त्या ओढाळपणापुढे माणसाने काय करावे?

सामान्यतः माणूस दोहोंपैकी एक करतो. एक तर तो मनाच्या मागोमाग जातो. त्याला आपण जात आहोत हेही कळत नाही. किंवा तो मनाला मारून मुटकून जागेवर आणू पाहतो, आणि ते आले नाही म्हणजे स्वतःवर चिडतो. पहिल्या मार्गात मन मोकाट सुटते. दुसऱ्या मार्गात ते मार खाऊन अधिकच बुजते. याहून वेगळा असा एक तिसरा मार्ग अडीच हजार वर्षांपूर्वी याच देशात शिकविला गेला. मज्झिमनिकाय व दीघनिकाय या पाली ग्रंथांत त्याविषयीची सुत्ते आहेत. कुरू देशात, म्हणजे आजच्या दिल्ली व हरियाणाच्या प्रदेशात, कम्मासधम्म नावाच्या गावी भगवान बुद्धांनी ते प्रवचन केले, असे त्यांत सांगितले आहे. त्याचे नाव सतिपट्ठान. शरीर, वेदना, चित्त आणि चित्तात येणारे धर्म, म्हणजे तेथील विषय व वृत्ती, या चार ठिकाणी स्मृती स्थिर करण्याचा हा उपदेश होय.

यातील चित्तासंबंधीचा भाग लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. चित्तात लोभ असेल तर लोभ आहे असे साधकाने जाणावे. लोभ नसेल तर नाही असे जाणावे. द्वेषाचे तसेच, मोहाचे तसेच. आणि चित्त विक्षिप्त असेल, तर ते विक्षिप्त आहे असे जाणावे. येथे विक्षिप्त चित्ताला शिक्षा सांगितलेली नाही, त्याची निंदा केलेली नाही, ते तत्काळ एकाग्र करावे अशी आज्ञाही नाही. जाणावे, एवढेच म्हटले आहे. मराठीत विक्षिप्त हा शब्द आज तऱ्हेवाईक माणसाला लावला जातो. पण त्याचा मूळ अर्थ इकडेतिकडे फेकलेले, विखुरलेले, असा आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यातही चित्ताच्या पाच भूमी सांगितल्या आहेत, त्यांत विक्षिप्त ही एक भूमी आहे. त्या मूळ अर्थाने पाहिले तर विक्षिप्त माणूस हा गावात एखादाच नसतो; दिवसाचे कित्येक तास प्रत्येक जण विक्षिप्तच असतो.

ज्या शक्तीने हे जाणावयाचे तिला पालीत सति म्हणतात. संस्कृत स्मृती हाच तो शब्द. १८८१ मध्ये र्‍हीस डेव्हिड्स या इंग्रज पंडिताने सम्यक् स्मृतीसाठी माइंडफुलनेस हा शब्द योजला, आणि पुढे तोच जगभर रूढ झाला. आज हा इंग्रजी शब्द परदेशाहून परत येऊन शहरांतल्या मोठमोठ्या कचेऱ्यांतून ऐकू येतो, तेव्हा ही काही नवीन विद्या असावी असे अनेकांना वाटते. परंतु मराठी माणसाला त्यासाठी परक्या शब्दाची गरज पडू नये. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांजवळ जे मागतात ते अवधानच होय. आणि बोलीतला ‘भान’ हा शब्द तर त्याहून जवळचा आहे. माणूस ‘भानावर येतो’ असे मराठीत म्हणतात. तो कोठून येतो? विचाराच्या प्रवाहातून. आणि कोठे येतो? आहे तेथेच. स्मृतीचा सगळा अभ्यास या एका वाक्प्रचारात सांगता येतो: पुन्हा पुन्हा भानावर येणे.

हे येणे कसे घडते, हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण साधकाची गफलत नेमकी येथेच होते. श्वासावरून मन निसटले आणि दहा मिनिटे भटकले, असे समजा. त्या दहा मिनिटांत त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण दोष देणारा कोणी तेथे हजरच नव्हता. दहा मिनिटांनंतर एक क्षण असा येतो, की मन भटकले होते हे उमगते. नवशिका साधक या क्षणाला अपयश समजतो आणि हळहळतो. खरे पाहता, सबंध दहा मिनिटांत स्मृती जागी होती ती याच एका क्षणी. त्या क्षणाचे स्वागत करावयाचे आणि शांतपणे श्वासाकडे वळावयाचे. पाच मिनिटांत मन पन्नास वेळा गेले आणि पन्नास वेळा परत आणले, तर अभ्यास पन्नास वेळा झाला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भटकलेले अवधान पुन्हा पुन्हा स्वेच्छेने परत आणण्याच्या या शक्तीलाच विवेक, शील आणि इच्छाशक्ती यांचे मूळ मानले. ती वाढविणारे शिक्षण हे सर्वश्रेष्ठ शिक्षण ठरेल, पण ते प्रत्यक्षात कसे द्यावे हे सांगणे अवघड आहे, अशी पुस्तीही त्यांनी जोडली होती.

पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी विशुद्धिमार्ग या ग्रंथात यासाठी एक दृष्टान्त दिला आहे. गवळ्याला एक रानटी वासरू माणसाळवावयाचे असते. तो त्याला गायीपासून दूर नेतो, एक भक्कम खुंट रोवतो आणि दाव्याने वासरू त्या खुंटाला बांधतो. वासरू इकडेतिकडे धडपडते, हिसके देते, आणि पळता येत नाही असे पाहून अखेर त्याच खुंटापाशी बसते किंवा आडवे होते. येथे श्वास हा खुंट, स्मृती हे दावे आणि मन हे वासरू. या दृष्टान्तात चाबूक नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. दावे मारीत नाही. ते फक्त सोडीत नाही.

याच विशुद्धिमार्गाशी एका मराठी माणसाचे नाव कायमचे जोडले गेले आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या उपदेशाच्या ओढीने घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ असे करीत ते सिंहलद्वीपात गेले, तेथे पाली शिकले, आणि ब्रह्मदेशात जाऊन त्यांनी ध्यानाचा प्रत्यक्ष अभ्यासही केला. विशुद्धिमार्गाच्या संपादनाला त्यांनी आयुष्याचा मोठा भाग दिला. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात ही सारी वाटचाल त्यांनी विलक्षण साधेपणाने नोंदविली आहे. ज्या काळी महाराष्ट्रात ही विद्या जवळजवळ विस्मृतीत गेली होती, त्या काळी एक गोमंतकीय तरुण ती शोधीत अनवाणी हिंडत होता, याचे स्मरण ठेवणे हे मराठी भाषकांचे कर्तव्य आहे.

तथापि येथे एक शंका स्वाभाविक आहे. भिक्षूला हे साधेल; त्याला ना संसार, ना कचेरी. ज्याच्यापुढे सकाळी दहा वाजता फायलींचा ढीग येतो, ज्याच्या घरी आजारी आई आणि शिकणारी मुले आहेत, त्याने श्वास पाहात बसावे कधी? या शंकेचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा एका माणसाच्या चरित्राने देणे बरे. तो माणूस म्हणजे ब्रह्मदेशाचे सयाजी ऊ बा खिन.

ऊ बा खिन यांचा जन्म १८९९ मध्ये रंगून येथे एका साध्या कुटुंबात झाला. महालेखापालांच्या कचेरीत कारकून म्हणून त्यांनी नोकरीला आरंभ केला आणि खात्याच्या परीक्षा देत ते पायरीपायरीने वर चढले. १९३७ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, सया तेजी नावाच्या गृहस्थाश्रमी आचार्यांकडे त्यांनी विपश्यनेचा अभ्यास सुरू केला. सया तेजी हे स्वतः शेतकरी होते. दिनांक ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवसापासून ऊ बा खिन त्या देशाचे महालेखापाल झाले. युद्धाने कंबरडे मोडलेला देश, अपुरी माणसे आणि सरकारी व्यवहारात शिरलेली लाचलुचपत, अशा परिस्थितीत त्यांना काम करावयाचे होते. त्यांनी आपल्या कचेरीतील माणसांसाठी ध्यानाची सोय केली, आणि १९५२ मध्ये रंगूनमध्ये एक साधना-केंद्र उभारले. दिवसा हिशेबखाते आणि उरलेल्या वेळात साधकांचे मार्गदर्शन, असा त्यांचा क्रम होता. निवृत्तीचे वय झाल्यावरही सरकारने त्यांना सोडले नाही. पुढे अनेक वर्षे त्यांनी निरनिराळ्या जबाबदाऱ्या, आणि त्याही काही वेळा एकाच वेळी एकाहून अधिक खात्यांच्या, सांभाळल्या. १९७१ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले.

हिशेबतपासनीस आणि ध्यानाचा आचार्य ही दोन कामे वरवर पाहता एकमेकांपासून फार दूरची वाटतात. परंतु त्यांत एक आंतरिक साम्य आहे. चांगला हिशेबनीस आधी नोंद करतो आणि मग निवाडा करतो. खर्च आपल्याला आवडला नाही म्हणून तो रोजकीर्दीतून वगळीत नाही, आणि जमा आवडली म्हणून दोनदा लिहीत नाही. जे घडले ते, ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने, जसेच्या तसे लिहिणे हा त्याच्या धर्माचा पाया असतो. स्मृतीचे कामही हेच होय. राग आला, नोंद झाली. हेवा वाटला, नोंद झाली. मन निसटले, नोंद झाली. मनुष्य बहुधा आपल्या मनाची खोटी कीर्द लिहितो: रागाच्या ठिकाणी ‘तत्त्वनिष्ठा’ लिहितो, भीतीच्या ठिकाणी ‘सावधगिरी’ लिहितो, आळसाच्या ठिकाणी ‘समाधान’ लिहितो. स्मृती या खोट्या नोंदी करू देत नाही. म्हणूनच तिचा संबंध केवळ स्वास्थ्याशी नाही, तर सचोटीशीही आहे.

ऊ बा खिन यांच्या शिष्यांपैकी सत्यनारायण गोएंका हे मंडालेत जन्मलेले भारतीय वंशाचे व्यापारी. असह्य अर्धशिशीने ते हैराण झाले होते आणि त्यासाठी त्यांना मॉर्फिया घ्यावे लागे. केवळ डोकेदुखी घालविण्याच्या हेतूने ते आले, तेव्हा आचार्यांनी त्यांना स्पष्ट सांगितले, की ही विद्या मनाच्या शुद्धीसाठी आहे, औषधोपचार म्हणून नाही. १९५५ मध्ये त्यांनी पहिले शिबिर केले. १९६९ मध्ये ते भारतात आले आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबईत त्यांनी पहिले दहा दिवसांचे शिबिर घेतले. त्याला जेमतेम चौदा माणसे होती. १९७६ पासून नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी येथे धम्मगिरीवर नियमित शिबिरे होऊ लागली. १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात एका शिबिरास एक हजाराहून अधिक बंदिवान बसले. तुरुंगात माणसाला बाहेर जाता येत नाही. पण मन मात्र गुन्ह्यापासून शिक्षेपर्यंत आणि शिक्षेपासून सुडापर्यंत अहोरात्र फिरत असते. त्या फिरण्याचे त्याला भान येणे, ही त्याच्या सुटकेची एक वेगळीच सुरुवात म्हणावी लागेल.

इगतपुरीच्या पद्धतीत पहिले तीन दिवस श्वासाचा अभ्यास आणि त्यानंतर सर्वांगावरील संवेदनांचे निरीक्षण सांगितले जाते. दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत मौन असते. या निरीक्षणामागचा विचार साधा आहे. मन कोठेही गेले तरी त्याचा पडसाद शरीरावर उमटतो. अपमान आठवला की छाती आवळते. चिंता आली की पोटात गोळा येतो. हव्याशा वस्तूची कल्पना आली की श्वास बदलतो. मनुष्य समजतो, आपण त्या व्यक्तीवर किंवा त्या घटनेवर रागावलो आहो. वस्तुतः तो त्या क्षणी स्वतःच्या छातीत पेटलेल्या आगीपासून पळत असतो. ती आग तेथल्या तेथे, काही न करता पाहता आली, तर ती वाढते, स्थिरावते आणि ओसरते, हे अनुभवास येते. रागाचा प्रसंग आणि रागाची कृती यांच्यामध्ये एक लहानशी फट सापडते. त्या फटीत माणसाचे स्वातंत्र्य असते.

आधुनिक विज्ञानानेही या प्रदेशात पाऊल टाकले आहे. हार्वर्ड विद्यापीठातील किलिंग्जवर्थ व गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढ माणसांना दिवसातून अवचित वेळी मोबाइलवर विचारले: आता काय करीत आहात, मन त्यातच आहे काय, आणि मनाची अवस्था कशी आहे? मिळालेल्या उत्तरांपैकी सुमारे ४७ टक्के उत्तरांत मन हातातल्या कामावर नव्हते. आणि मन भटकत असताना माणसे सामान्यतः कमी सुखी होती, असेही आढळले. सुखद गोष्टींकडे भटकलेले मनसुद्धा कामात असलेल्या मनापेक्षा अधिक सुखी नव्हते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे एक पंचमांश ऊर्जा तो एकटा वापरतो, आणि माणूस काही विशेष करीत नसतानाही त्याचे काही भाग अत्यंत कार्यमग्न असतात, हे २००१ नंतर मार्कस रेकल व इतर शास्त्रज्ञांच्या संशोधनाने पुढे आले. रिकामे मन रिकामे नसते, हे आजीबाईंना ठाऊक असलेले सत्य अशा रीतीने प्रयोगशाळेतही मान्य झाले.

वैद्यकातही याचा उपयोग झाला. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकाळ वेदना सोसणाऱ्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. पुढे त्याच धर्तीवर, वारंवार खिन्नतेचा विकार होणाऱ्यांसाठी एक उपचारक्रम तयार झाला. ज्यांना असा विकार तीन किंवा अधिक वेळा होऊन गेला आहे, त्यांच्यात तो पुन्हा उलटण्याचे प्रमाण या उपचाराने कमी होते, असे २००० मधील अभ्यासात दिसून आले. उदास विचार आला म्हणजे ‘मी निरुपयोगी आहे’ असे न मानता ‘निरुपयोगी असल्याचा विचार आला आहे’ असे रुग्णास पाहता येणे, हे या उपचाराचे मर्म होय. वाक्यातला फरक चारदोन शब्दांचा. पण काहींच्या बाबतीत तो जीवनमरणाचा ठरतो.

मात्र उत्साहाच्या भरात या अभ्यासाला रामबाण ठरविणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांना तीव्र मानसिक विकार आहे, त्यांनी वैद्यांच्या सल्ल्याशिवाय दीर्घ व कडक साधनेत उतरू नये. अशा शिबिरांत काही साधकांना तीव्र अस्वस्थता आल्याच्या नोंदी आहेत. दुसरे असे, की मनाचे भटकणे सर्वस्वी वाईट नाही. उद्याची तरतूद करणे, मागच्या चुकीपासून शिकणे, दूरच्या माणसाची आठवण काढणे, ही सारी मनाच्या फिरतीचीच कामे होत. फ्रेंच गणितज्ञ आंरी प्वाँकारे यांना एका गहन प्रश्नाचे उत्तर सुचले ते कूतांस येथे गाडीच्या पायरीवर पाऊल ठेवताना, गणिताचा विचारही मनात नसताना. सतिपट्ठानाचा आग्रह मनाने कधी हिंडूच नये असा नाही. ते हिंडत असेल तर धन्याला ते ठाऊक असावे, एवढाच आहे. आपण होऊन रानात चरावयास नेलेले गुरू आणि दावे तोडून शेजाऱ्याच्या पिकात शिरलेले गुरू, या दोन गोष्टी एक नव्हेत.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बुद्धाच्या मार्गात स्मृती एकटी सांगितलेली नाही. तिच्या आधी शील आहे आणि बरोबर प्रज्ञा आहे. नेमबाजालाही एकाग्रता लागते आणि खिसेकापूलाही लागते. नोकरांकडून अधिक तास काम करून घेता यावे, त्यांची तक्रार त्यांच्याच श्वासात विरून जावी, एवढ्यासाठी जर एखाद्या मालकाने त्यांना ध्यान शिकविले, तर ते या विद्येचे दुर्दैव होय. अन्याय सहन व्हावा म्हणून ही साधना नाही. अन्यायाशी झुंजतानाही माणसाने द्वेषाच्या आहारी जाऊ नये, म्हणून ती आहे.

मग शेवटी यात पणाला काय लागले आहे? तास आणि मिनिटे वाया जातात, एवढेच नव्हे. सर्वेक्षणातले आकडे खरे असतील, तर साठ वर्षे जगलेला माणूस आपल्या जागेपणीच्या आयुष्याच्या जवळजवळ अर्ध्या भागात तेथे नव्हताच. मूल काही सांगत होते, तेव्हा बाप कचेरीत होता; आणि कचेरीत होता तेव्हा तो घरच्या चिंतेत होता. आजारी आईच्या उशाशी बसला होता, पण तिच्या औषधांच्या खर्चाचा हिशेब करीत होता. ती गेल्यावर तो तिची आठवण काढतो, आणि त्याच्या ध्यानात येते की आठवावे असे फारसे काही त्याने पाहिलेच नव्हते. जे पाहिलेच नाही ते आठवणार कसे? स्मृती या एकाच शब्दाने भारतीयांनी सावधपण आणि आठवण या दोहोंचा बोध केला, तो उगीच नव्हे. आज ज्याच्याकडे लक्ष दिले, तेच उद्या आठवते.

हा अभ्यास सुरू करण्यासाठी कोणत्याही पंथाची दीक्षा लागत नाही, की घर सोडावे लागत नाही. सकाळी उठल्यावर दहा मिनिटे श्वास पाहावा. दिवसा दार उघडताना, जिना उतरताना, पाण्याचा पेला ओठाला लावताना आपण तेथे आहो की नाही, हे एकदा स्वतःला विचारावे. नसल्याचे आढळले, तर खंत न करता यावे. कोणी बोलत असेल तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत आपले उत्तर मनात रचू नये. रागाचे पत्र लिहून झाले, तर ते टपालात टाकण्यापूर्वी छातीत काय चालले आहे हे क्षणभर पाहावे. यातील कोणतीही गोष्ट थोर नाही. पण त्या नित्य करू लागलेल्या माणसाला आपल्या मनाची खरी ओळख होऊ लागते. ती ओळख आरंभी सुखाची नसते. आपण समजत होतो तितके आपण शांत नाही, उदार नाही, जागेही नाही, असे तीत दिसते. परंतु ज्याने आपले विखुरलेले चित्त एकदा विखुरलेले म्हणून पाहिले, तो त्या चित्ताच्या हातचे खेळणे पूर्वीइतका राहात नाही. आणि घरातल्यांना, कचेरीतल्यांना व वाटेत भेटणाऱ्यांना हा बदल, त्याच्या स्वतःच्या ध्यानात येण्यापूर्वीच, जाणवू लागतो.